दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा कसला आलाय लाभ!

अमेरिका आणि चीनचं बिनसलं रे बिनसलं की आमच्या नातेवाइकांच्या उत्साहाला उधाण येतं. न्यू जर्सीतला चुलतभाऊ काय, पुण्यातले साडू काय आणि धुळ्याचे मामा काय, सगळ्यांचा सूर एकच: "आता बघ, चीनचा माल अमेरिकेत बंद म्हणजे आपला सुरू. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ!" २०१८ साली हे ऐकलं, २०२० साली ऐकलं, आणि २०२५ साली तर इतक्यांदा ऐकलं की शेवटी लिहायला बसलो. मंडळी, तुमचा उत्साह मला कळतो. पण हा 'तिसरा' म्हणजे नक्की कोण, हे एकदा ठरवू या. कारण माझ्या ओळखीचा जो तिसरा आहे तो जळगाव-धुळ्याकडे कापूस लावतो, आणि या भांडणात त्याचा लाभ झालेला मी तरी पाहिलेला नाही.

खानदेशात जागतिक राजकारणावर कुणी परिसंवाद भरवत नाही. "कापूसले काय भाव शे?" या एका प्रश्नात ते सगळं येतं. परदेशातल्या मंडळींसाठी थोडं गणित सांगतो. क्विंटलभर कापूस जिनिंगमध्ये घातला की साधारण ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. १७० किलो रुईची एक गाठ, म्हणजे एका गाठीला पाचेक क्विंटल कापूस लागतो. या रुईचा भाव जळगावला ठरत नाही, मुंबईलाही पुरता ठरत नाही. न्यूयॉर्कचा वायदा काय म्हणतो, चीन किती गाठी उचलतो आणि आपलं सरकार आयात-निर्यातीचं दार किती उघडतं, यावर तो ठरतो. खेडा खरेदीला आलेला व्यापारी काटा लावून भाव सांगतो तेव्हा या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या एका आकड्यात असतात.

हे आजचंही नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मग इंग्रजांना आपली आठवण आली. मुंबईत कापसाचे भाव कित्येक पटींनी चढले. प्रेमचंद रायचंद आणि त्यांच्या भोवतीची शेअरबाजारातली मंडळी नाचायला लागली. खानदेश, वऱ्हाडात ज्वारी-बाजरीच्या रानात कापूस आला. तिसऱ्याचा लाभ म्हणतात तो हाच! पण एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव गडगडले, मुंबईच्या पेढ्या आणि बँका बुडाल्या. शेतकऱ्याकडे उरलं तेजीच्या भरवशावर काढलेलं कर्ज. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, पुणे-नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रं जाळली, त्यामागच्या कारणांत ही कापसाची मंदीही धरली जाते. भांडण सुरू कधी होणार आणि मिटणार कधी, हे तिसऱ्याच्या हातात नव्हतं. आजही नाही.

आता अमेरिकेकडे वळू. तिथल्या भावंडांनी रागावू नये. जगाला खुल्या बाजाराचे धडे देणारा हा देश कापसाच्या बाबतीत काय करतो ते पाहा. ऑक्सफॅमच्या २००२ च्या अहवालानुसार अमेरिकेत कापूस पिकवणारे सुमारे २५ हजार, आणि २००१-०२ मध्ये त्यांना मिळालेली सरकारी मदत ३९० कोटी डॉलर. त्याच २००२ साली ब्राझीलनं जागतिक व्यापार संघटनेत याविरुद्ध तक्रार केली. २००५ मध्ये अपिलातही अमेरिका हरली. तरी मदत पुरती थांबेना. २००९ मध्ये ब्राझीलला अमेरिकी मालावर उलट निर्बंध लावायची परवानगी मिळाली. मग अमेरिकेनं काय केलं असेल? सबसिडी बंद केली? छे! २०१० मध्ये ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी दरवर्षी १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. म्हणजे आपल्या शेतकऱ्याला पैसे देता यावेत म्हणून दुसऱ्याच्या शेतकऱ्यालाही पैसे दिले. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात ते असं.

पुढची गंमत ऐका. जुलै २०१८ मध्ये ट्रम्प साहेबांनी चीनवर जकात लावली, चीननं उलट अमेरिकी कापसावर २५ टक्के लावली. अमेरिकेनं आपल्या शेतकऱ्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. त्या वर्षी १,२०० कोटी आणि पुढच्या वर्षी १,६०० कोटी डॉलरची मदत जाहीर झाली, त्यात कापूसवालेही होते. आणि त्याच २०१८ च्या नोव्हेंबरात याच अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत कागद दाखल केला की भारत कापसाला मर्यादेबाहेर आधार देतो! कुणाला? ज्याला हमीभावसुद्धा पदरात पडेल की नाही याची खात्री नसते त्याला. हा हिशेब मांडताना मोजपट्टी वापरतात १९८६ ते १९८८ च्या काळातल्या भावांची.

बरं, २०१८ च्या त्या भांडणात आपला लाभ झाला का? जून २०१८ मध्ये न्यूयॉर्कचा वायदा पौंडाला ९० सेंटच्या वर होता. ऑगस्ट २०१९ मध्ये तो ६० सेंटच्या खाली आला. कारण साधं आहे. चीनच्या कपड्याला अमेरिकेत गिऱ्हाईक कमी झालं की चीनच्या गिरण्यांना सूत कमी लागतं आणि सूत कमी लागलं की रुई कमी लागते. दोघं भांडले की दुकानाचा गल्लाच आटतो. तरीही ज्यानं संधी साधली तो ब्राझील. त्याच्याकडे बियाणं होतं, यंत्रं होती आणि दर सहा महिन्यांनी न बदलणारं धोरण होतं. २०२३-२४ मध्ये तर तो कापूस निर्यातीत अमेरिकेच्याही पुढे गेला. तिसरा होता तो, आपण नव्हतो.

चीनचा पुळका असलेल्यांनीही फार खुश व्हायचं कारण नाही. (आमच्या घराण्यात असेही दोघं-तिघं आहेत.) चीन आपला कापूस घेत होता तेव्हा धर्म म्हणून घेत नव्हता. २०११ ते २०१४ या काळात त्याच्या सरकारनं स्वतःच्या शेतकऱ्यांकडून चढ्या भावानं कापूस खरेदी करून कोठारं भरली. तिथल्या गिरण्यांना बाहेरचा कापूस आणि बाहेरचं सूत स्वस्त पडायला लागलं, म्हणून आपल्या गाठींना आणि सुताला मागणी आली. साठा एक कोटी टनांच्या पलीकडे गेला तेव्हा, २०१४ मध्ये, चीननं धोरण फिरवलं, आयातीचा हात आखडला. त्या वर्षाच्या अखेरीस जागतिक भाव पौंडाला ६० सेंटच्या आसपास घसरला. बीजिंगमधल्या बैठकीत कुणी चोपडा-पारोळ्याचा विचार केला नसणार, आणि तशी अपेक्षा करणंही खुळेपणाचं.

म्हणून माझा राग अमेरिकेवर नाही आणि चीनवरही नाही. ते आपापल्या शेतकऱ्याचं आणि आपापल्या गिरणीचं पाहतात. माझा राग आपल्यावर आहे.

मार्च २०११ मध्ये कापूस पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला होता. पुढच्या वर्षी, ५ मार्च २०१२ ला, केंद्र सरकारनं निर्यातच बंद केली. का, तर देशातल्या गिरण्यांना कापूस कमी पडेल. खुद्द तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार म्हणाले की मला विचारलंच नाही. गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनीही विरोध केला. आठवड्याभरात बंदी सैल करावी लागली, पण परदेशातल्या खरेदीदाराला जो धडा मिळायचा तो मिळाला: भारताच्या शब्दावर माल धरू नये.

आता १३ वर्षं पुढे या. सरकार बदललं, मोदी पंतप्रधान झाले. ७ ऑगस्ट २०२५ ला दिल्लीत स्वामिनाथन जन्मशताब्दीच्या परिषदेत त्यांनी सांगितलं की शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड करणार नाही, त्याची वैयक्तिक किंमत मोजावी लागली तरी चालेल. ऐकून बरं वाटलं. त्यानंतर बरोबर ११ दिवसांनी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ झाल्याची अधिसूचना निघाली. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, आणि आठवडा-दीड आठवड्यात मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. मधल्या काळात, २७ ऑगस्टला, अमेरिकेची भारतीय मालावरची जकात ५० टक्के झाली होती.

या तारखा कापसाच्या कॅलेंडरवर ठेवून पाहा. खानदेशात ज्यांच्याकडे विहिरीचं पाणी आहे ते मेअखेर-जूनमध्ये पूर्वहंगामी लावतात, बाकीचे पाऊस पडल्यावर. बी, खत, फवारणी, निंदणी हा सगळा खर्च ११ टक्के शुल्क आहे असं धरून झालेला. वेचणी सप्टेंबरपासून, आणि मोठी आवक दसरा-दिवाळीनंतर. म्हणजे माल घरात यायच्या नेमक्या वेळी दार उघडलं. गिरण्यांनी बाहेरच्या गाठींचे सौदे केले आणि सीसीआयनंही आपल्याकडच्या गाठींचे विक्रीभाव उतरवले. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. खुल्या बाजारात ऑक्टोबरात कापूस त्याच्या खाली विकला जात होता. सीसीआयकडे जावं तर अ‍ॅपवर नोंदणी करा, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा, आणि थांबा. ज्याला दिवाळीआधी दुकानदाराची उधारी फेडायची आहे तो थांबणार कसा?

इथे कुणी म्हणेल, अरे, तिरुप्पूरच्या कारागिराचं काय? अमेरिकेत ५० टक्के जकात लागल्यावर त्याची ऑर्डर गेली, त्याला निदान कापूस तरी स्वस्त नको का? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. तिरुप्पूरच्या शिलाई कामगाराला वाचवायलाच हवं. शिवाय एप्रिल २०२५ च्या अमेरिकी आदेशात अशी तरतूद होती की मालाच्या किमतीत किमान २० टक्के वाटा अमेरिकी असेल तर तेवढ्या वाट्यावर नवी जकात नाही. मग अमेरिकी कापूस वापरायचा मोह होणारच. पण मला सांगा, त्या कामगाराला वाचवायचा खर्च पारोळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्यानं का उचलावा? अमेरिकेनं भांडण काढलं तेव्हा त्याची किंमत सरकारी तिजोरीतून मोजली. आपण ती शेतकऱ्याच्या काट्यावर मोजली. फरक एवढाच आहे आणि एवढाच पुरेसा आहे.

आणि एवढं करून मिळालं काय? ३० ऑक्टोबर २०२५ ला ट्रम्प आणि शी जिनपिंग दक्षिण कोरियात भेटले. चीनवरची जकात ५७ वरून ४७ टक्क्यांवर आणल्याचं ट्रम्प यांनी जाहीर केलं. चीननं अमेरिकी शेतमालावरची मार्चमधली जादा जकात स्थगित केली, त्यात कापूसही होता. त्या दिवशी भारतावर ५० टक्के कायम होते. भांडणारा शत्रू ४७ आणि शुल्क माफ करणारा मित्र ५०! दोघांचं भांडण मिटतानासुद्धा तिसराच खाली राहिला.

गैरसमज नको म्हणून सांगतो, मी दारं लावून बसा म्हणणाऱ्यांतला नाही. शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाची बाजू घेतली तेव्हा त्यांना शिव्या बसल्या, पण त्यांचा मुद्दा खरा होता. आपल्याकडे शेतकऱ्याला मिळते ती उणे सबसिडी, सरकारच त्याचा भाव पाडतं. २०१२ ची निर्यातबंदी आणि २०२५ ची शुल्कमाफी ही एकाच नाण्याची दोन अंगं आहेत. भाव चढला तर बाहेर जाऊ द्यायचा नाही, भाव पडला तर बाहेरचा आत घ्यायचा. याला खुला बाजार म्हणायचं असेल तर मग एकतर्फी लग्नाला संसार म्हणावं लागेल.

मग मागणं काय? फार नाही. आयात-निर्यातीचं धोरण पेरणीच्या आधी, मे महिन्यात, जाहीर करा आणि वेचणी संपेपर्यंत त्याला हात लावू नका. परराष्ट्र धोरणासाठी मधेच हात लावावाच लागला, तर भाव जेवढा पडेल तेवढा फरक थेट शेतकऱ्याच्या खात्यात टाका. आणि बियाण्याकडे बघा. बीटी कापूस २००२ मध्ये आला, त्याची सुधारित आवृत्ती २००६ मध्ये, आणि गुलाबी बोंडअळी तिलाही पुरून उरली. आपलं उत्पादन हेक्टरी साडेचारशे किलो रुईच्या आसपास, ब्राझीलचं त्याच्या जवळपास चौपट. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांचं कापूस अभियान जाहीर झालं, ते चांगलंच आहे, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दार उघडून दिल्यावर अभियानावर कोण विश्वास ठेवणार?

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी वॉशिंग्टन आणि बीजिंगमध्ये ठिणगी पडली की टाळ्या पिटण्याआधी एक फोन करा. जामनेरला करा, शहाद्याला करा, नाहीतर आपल्याच मळ्यावर राहिलेल्या भावाला करा. कापसाचा भाव विचारा, आणि तो भाव त्याच्या खर्चाच्या वर आहे का तेही विचारा. तो "हो" म्हणाला तर मीच पेढे वाटीन.