चारातला एक, आणि तोही दरवेळी

मंडळाच्या कोजागिरीला दूध आटेपर्यंत गप्पा रंगल्या होत्या. एका मित्राने सांगितले, की त्याला आणि त्याच्या पत्नीला, दोघांनाही बीटा थॅलेसेमिया मायनर आहे आणि आता मुलाचा विचार चालू आहे. लगेच सल्ले सुरू झाले. एक काका म्हणाले, "आजार होईल किंवा होणार नाही, म्हणजे फिफ्टी-फिफ्टी!" दुसरे म्हणाले, "मेजर, मायनर आणि निरोगी असे तीन प्रकार, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश."

मी डॉक्टर नाही, प्रोग्रॅम लिहिणारा माणूस आहे; पण मोजणीतली चूक मला खटकते. शाळेत आपण समसंभाव्य निष्पत्ती शिकलो. शक्यता काढताना नुसते प्रकार मोजून चालत नाही. सारख्याच संभवाच्या निष्पत्ती मोजाव्या लागतात. दोन नाणी उडवली, तर दोन छापे, एक छापा किंवा एकही नाही, असे तीन प्रकार दिसतात. निष्पत्ती मात्र चार, कारण 'एक छापा' दोन तऱ्हांनी पडतो. दालाँबेरसारख्या थोर फ्रेंच गणितज्ञाचीही १७५४ साली इथेच गल्लत झाली. दोन फेकींत निदान एक छापा पडण्याची शक्यता त्याने २/३ धरली. खरी ३/४ आहे.

जनुकांचेही तसेच. मायनर असलेल्या आईवडिलांकडे प्रत्येकी एक चांगले आणि एक सदोष जनुक असते. मुलाला प्रत्येकाकडून एकच मिळते, नाणे उडवल्यासारखे. म्हणून मेजर २५ टक्के, मायनर ५० टक्के आणि पूर्ण निरोगी २५ टक्के. हा हिशेब प्रत्येक गरोदरपणात नव्याने सुरू होतो. 'पहिले मूल आजारी, म्हणजे पुढची तीन सुखरूप' हे साफ खोटे. नाण्याला आठवण नसते.

मेजर झालेल्या मुलाला साधारण दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. मायनरचा मात्र सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून तो कळतही नाही. कित्येकदा लोहाची कमतरता समजून नुसत्या गोळ्या घेतल्या जातात.

माझे मत स्पष्ट आहे. पत्रिकेतले छत्तीस गुण जरूर पाहा, पण त्याआधी दोघांची सीबीसी आणि हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी करून घ्या. एकालाच मायनर असून दुसऱ्याचे हिमोग्लोबिन निर्दोष असेल, तर मेजरची भीती नाही. दोघांनाही असेल, तरी लग्न मोडायचे कारण नाही. जेनेटिक कौन्सेलरला भेटा, गरोदरपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करता येते. मित्राला मी हेच सांगितले. तुमच्या घरात लग्नाची मुले असतील, तर त्यांनाही सांगा.