ताळेबंद कोणी वाचावा?

सालाबादप्रमाणे पावसाळा सरता सरता गावोगाव सभांचा हंगाम येतो. ३१ मार्चला वर्ष मिटते, आणि ३० सप्टेंबरच्या आत प्रत्येक सहकारी संस्थेस सभासदांपुढे हिशेब मांडावा लागतो. तो मांडला जातो, यात शंका नाही. मांडव पडतो, सत्कार होतात, अहवालाचे पुस्तक हातोहात वाटले जाते, आणि व्यासपीठावरून विषय वाचला न वाचला तोच मागून 'मंजूर, मंजूर' असा गजर उठतो. पुस्तकाच्या मधल्या पानांवर ताळेबंद असतो. ती पाने उलटून लोक संचालकांची छायाचित्रे पाहतात व जेवायला उठतात. आम्हीही पुष्कळ वर्षे त्यांतलेच होतो, हे कबूल करतो.

गेल्या साली आमच्या गावच्या संस्थेच्या सभेत एक मुलगी उभी राहिली. सुताराची लेक, आमच्याच शाळेत पाढे शिकली, हल्ली तालुक्याच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्गात आहे. बापाच्या नावचे पत्र घेऊन आली होती. ती म्हणाली, "अध्यक्षसाहेब, येणे व्याजाचा आकडा नफ्याहून मोठा दिसतो. हे व्याज अजून वसूल झालेले नाही. मग त्याची तरतूद कोठे दाखवली आहे?" मांडवात शांतता पसरली. मागून कोणी तरी ओरडले, "पोरी, खाली बस!" उत्तर लेखी देऊ, असे सांगून पुढचा विषय घेतला गेला. आम्ही मास्तर म्हणवतो, परंतु तिचा प्रश्न आम्हांस घरी आल्यावर पुस्तक उघडून समजला.

शेतकरी बंधूंनो, या जिल्ह्याला वहीची ओळख आजची नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्यास दंगा झाला आणि त्याची ठिणगी आपल्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत तालुक्यांत येऊन पडली. लोकांनी सावकारांची रोखे-खतपत्रे मागून घेतली व जाळली. माणसापेक्षा कागदावर राग का? कारण जमीन त्या कागदाने जात होती आणि तो वाचता येत नव्हता. पुढे १८७९ चा कायदा आला. आज संस्था आपल्या, संचालक आपल्याच भाऊबंदांपैकी, वहीही आपलीच. आणि ती वाचणारे मात्र पुन्हा गावात बोटांवर मोजण्याइतके. परक्याच्या वहीने नाडले तर ओरडता येत होते. आपल्याच वहीने नाडले तर काय करावे?

प्रवरेकाठी लोणीस शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवून कारखाना काढला आणि १९५० च्या अखेरीस तेथे गाळप सुरू झाले. त्यामागे विठ्ठलराव विखे पाटलांची वणवण होती. पण पहिले अध्यक्ष म्हणून धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्राचा पंडित त्यांच्यासोबत होता. घाम आणि हिशेब एकाच बैठकीत बसले. हल्ली सभासदाच्या घरीच हिशेबाचा जाणकार निपजणे शक्य आहे, मग तो बाहेर का शोधावा?

उसाचेच घ्या. २०२५-२६ च्या हंगामास केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यासाठी क्विंटलला ३५५ रुपये भाव ठरवला. त्यापुढे उतारा दशांश टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे वाढतात. म्हणजे टनास ३४ रुपये ६० पैसे. घरचा साठ टन ऊस असेल तर एका दशांशाचे २,०७६ रुपये झाले. त्यातून पुन्हा तोडणी-वाहतूक वजा. चौदा दिवसांत पैसे न मिळाल्यास सालीना पंधरा टक्के व्याज देणे आहे. हे गणित चौथीच्या मुलाचे आहे, पण उतारा कसा धरला आणि वाहतूक कशी लावली, हे विचारायला परिव्ययाचे शास्त्र लागते. आमचा सुतारही दाराची किंमत सांगताना लाकूड धरतो आणि यंत्राचा घसारा व स्वतःची मजुरी विसरतो.

परिव्यय, लेखापरीक्षण, वित्तव्यवस्था, व्यवस्थापन हे विषय पदवीच्या वरच्या वर्गांत येतात. नेमक्या तेथेच आपली मुले गळतात. पहिल्या वर्षानंतर मुलगी उजवली जाते, मुलगा पोलीस भरतीच्या मैदानावर पळू लागतो. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथे वाणिज्य शाखा आहेत, साधी बी.कॉम. पदवी पुष्कळ घरांस झेपते. बी.बी.ए.ला २०२४ पासून प्रवेशपरीक्षा आहे आणि फीही बहुधा जड असते, हे ध्यानात ठेवावे.

खुद्द नगर शहरात १९१० साली निघालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. पुरेसे भांडवल नाही आणि कमाईची आशा नाही, असे कारण दिले. ठेवीचा विमा पाच लाखांपर्यंतच आहे. ताळेबंद खोटाही असू शकतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे, आणि तो पारखण्याची विद्या तीच लेखापरीक्षण.

आता विद्यापीठाच्या नव्या रचनेत पदवीचे चौथे वर्षही आले आहे. पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यास त्यात संशोधन करून प्रबंध लिहिता येतो. प्राध्यापक महाशयांस आमचे सांगणे असे, की मुंबईच्या बड्या कंपन्यांची उदाहरणे खुशाल शिकवा, पण प्रबंधाला विषय देताना विद्यार्थ्याच्या गावची सोसायटी द्या. तिचे दहा वर्षांचे ताळेबंद एका ओळीत मांडू द्या.

संस्थांनी कागद दिले नाहीत तर? सहकार कायद्याच्या ३२ व्या कलमाने सभासदास शेवटचा तपासलेला ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहाराचे खाते कचेरीत बसून विनामूल्य पाहता येते. त्या मुलीस लेखी उत्तर अद्याप आलेले नाही. येत्या सोमवारी बाप-लेक याच कलमाचा अर्ज घेऊन कचेरीत जाणार आहेत, आणि आम्ही शाळा सुटल्यावर त्यांच्यासोबत जाऊ.