जंगल हवे, माणूस नको?

साथींनो, झाडे आणि वाघ हा पोट भरलेल्यांचा विषय, असे आपल्यातले अनेक जण म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. जंगलाचा प्रश्न आधी जमिनीचा प्रश्न असतो, आणि जमिनीचा प्रश्न आपल्याला नवा नाही.

ब्राझीलचे उदाहरण घ्या. तिथल्या मातो ग्रोसो राज्यात सोयाबीनसाठी आणि गुरांच्या कुरणांसाठी जंगल तुटले, शिंगू नदीचे उगम उघडे पडले. ते जंगल पुन्हा उभे करायला बी कोण देते? इक्पेंग या आदिवासी जमातीच्या बाया. त्या रानात फिरून बी वेचतात, निवडतात, साफ करतात. त्यांच्या गटाचे नाव 'यारांग', म्हणजे पाने कातरून नेणारी मुंगी. २००७ मध्ये सुरू झालेल्या शिंगूच्या बियाणे जाळ्यामार्फत हे बी विकले जाते. लवकर वाढणाऱ्या शेंगवर्गीय झाडांचे आणि दीर्घायुषी वृक्षांचे बी एकत्र कालवून थेट जमिनीत पेरतात. आधी वाढणारी मागून येणाऱ्यांवर सावली धरतात.

पण याच इक्पेंगांना १९६७ मध्ये जातोबा नदीकाठच्या त्यांच्या मूळ भूमीतून हलवून शिंगूच्या राखीव क्षेत्रात आणले गेले. बाहेरच्यांची घुसखोरी आणि रोगराई यांनी जमात संपत आली होती. ती भूमी ते परत मागत आले आहेत.

ब्राझीलच्या घटनेचे कलम २३१ आदिवासींचा भूमीवरचा मूळ हक्क मान्य करते. बड्या जमीनदारांच्या गोटाने मात्र अट पुढे केली : ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, म्हणजे घटना जाहीर झाली त्या दिवशी, तुमचा ताबा किंवा चालू तंटा होता हे सिद्ध करा. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट ९ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. वर्ष संपायच्या आत संसदेने तीच अट कायद्यात घातली.

१९६७ मध्ये उचललेली माणसे १९८८ चा ताबा कुठून दाखवणार? त्यांनी वेचलेले बी चालते, त्यांची मालकी चालत नाही. श्रम हवेत, माणूस नको. ही रीत आपण ओळखतो.

आपल्या वनहक्क कायद्यातही तारीख आहे. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. 'इतर पारंपरिक वननिवासी' या वर्गात येणाऱ्या दलितांना त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांना चावडीची पायरी चढू दिली नाही, त्यांच्याकडे ७५ वर्षांचा कागद मागायचा!

हक्क दिला तर हे लोक जंगल तोडतील, असे म्हणणाऱ्यांना आकडे दाखवा. उपग्रह चित्रांच्या अभ्यासानुसार १९९० ते २०२० या काळात ब्राझीलच्या आदिवासी भूमीवरची नैसर्गिक वनसंपदा सुमारे १ टक्क्याने घटली, खासगी जमिनींवरची सुमारे २० टक्क्यांनी. तोडणारा कोण, हे उघड आहे.

म्हणून वृक्षारोपणाच्या फोटोत उभे राहण्याआधी विचारा : ही जमीन कोणाच्या नावावर आहे? आणि कामाला लागा. वनहक्काच्या नियमांप्रमाणे गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. तो जबाब लिहून घ्यायला वही-पेन घेऊन वाड्या-पाड्यांवर जाणे, हे आपले काम आहे. आपल्याला कोणाचे उपकार नकोत. हक्क हवा, तोही लेखी.

जय भीम!