मेहनतान्याची बोलणी आणि मध्यस्थाची निष्ठा

श्रमाचा भाव कसा ठरतो हा प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी व पुरवठा यांच्या दोन रेषांनी सुटतो. व्यवहारात मात्र त्या दोन रेषा जेथे मिळतात तेथे बहुधा एक तिसरा माणूस उभा असतो. त्याला कोणी मुकादम म्हणतो, कोणी अडत्या, कोणी दलाल, कोणी एजंट. तो नेमका कोणाचा, त्याला पैसे कोण देतो आणि तो काय लपवू शकतो, यांवर श्रमिकाच्या हाती किती पडावे हे अवलंबून असते. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी दोन परस्परविरोधी भासणारी क्षेत्रे एकत्र पाहण्यासारखी आहेत. एक, महालक्ष्मीच्या शर्यतींतला जॉकी आणि दुसरे, वाशीच्या बाजारातला माथाडी.

जॉकीचे उत्पन्न दुपदरी असते. घोडा जिंको वा हरो, प्रत्येक स्वारीची ठरलेली फी त्याला मिळते आणि घोडा जिंकला किंवा मानाच्या स्थानी आला तर बक्षिसाच्या रकमेत टक्केवारीने वाटा मिळतो. यांतली फी हा जोखमीचा मोबदला, तर वाटा हा यशाचा. ही जोखीम नाममात्र नव्हे. शर्यत सुरू झाली की रुग्णवाहिका घोड्यांमागोमाग धावते, यावरूनच या धंद्याची प्रकृती कळावी. जॉकीचे कौशल्यही नाममात्र नव्हे. घोड्यांच्या शर्यती हा नशिबाचा नसून कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली लक्ष्मणन खटल्यात दिला तेव्हा जॉकीच्या स्वारीचे कसब हा त्या युक्तिवादाचा एक आधारच होता.

असे कसब असलेल्या माणसाला आपला भाव स्वतः ठरविता यावा, असे कोणासही वाटेल. परंतु भल्या पहाटे घोड्याला सराव देणाऱ्या जॉकीला त्याच ट्रेनरशी पैशांची घासाघीस करणे अवघड जाते, कारण उद्याची स्वारीही त्याच्याच हाती असते. म्हणून पाश्चात्त्य देशांत जॉकीचा एजंट ही संस्था उदयास आली. अमेरिकेत हा एजंट साधारणतः जॉकीच्या कमाईचा चौथा हिस्सा घेतो. त्याला राज्याच्या नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि एका एजंटाने किती जॉकींचे काम पाहावे यावर बहुतेक ठिकाणी मर्यादा असते. या मर्यादेमागे सरळ व्यवहारज्ञान आहे. एकाच चांगल्या घोड्यासाठी दोन जॉकी इच्छुक असतील आणि दोघांचा एजंट एकच असेल, तर तो त्या क्षणी कोणाचा, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नसते.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. टक्केवारीवर काम करणारा एजंट दर वाढविण्यापेक्षा स्वाऱ्यांची संख्या वाढविण्यास अधिक उत्सुक असतो. एका स्वारीसाठी अडून बसण्यात त्याचा लाभ थोडा आणि ट्रेनरची मर्जी गमावण्याचा धोका मोठा. तो जॉकीच्या वतीने बोलतो खरा, पण त्याची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर असते. ब्रिटनने यावर शोधलेला तोडगा अभ्यासनीय आहे. तेथे स्वारीच्या फीचा आकडा मालकांच्या व जॉकींच्या संघटनांतील वाटाघाटींतून ठरतो आणि तो सर्वांना सारखाच लागू होतो. एजंट तेथेही आहेत. तथापि त्यांची स्पर्धा चांगला घोडा मिळविण्यापुरती उरते. स्वस्तात स्वार पुरविण्याची शर्यत सुरूच होत नाही. नामवंत जॉकी तेथेही वाट्यातून व मालकांशी केलेल्या करारांतून भरपूर मिळवितो, पण नवख्याचा भाव तळाला जात नाही.

आता खाडी ओलांडून वाशीकडे वळावे. मुंबईच्या मशीद बंदर, भायखळा या परिसरांत गर्दीने कोंडलेले घाऊक बाजार १९८० व १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने येथे आले आणि त्यांच्याबरोबर सातारा, पुणे या जिल्ह्यांतून आलेला माथाडी कामगारही आला. डोक्यावर ओझे वाहणाऱ्या या माणसाची जुनी अडचण जॉकीच्याच जातीची होती. तो दिवसाकाठी अनेक व्यापाऱ्यांचा माल उचलीत असे, म्हणून त्याचा मालक मीच असे कोणताही व्यापारी कबूल करीत नसे. मधला टोळीवाला वा मुकादम बोलणी करी, पैसे घेई आणि उरेल ते वाटी. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि ही रचना पालटली. कामगार व मालक या दोघांची नोंदणी, तिघांच्या प्रतिनिधित्वाचे मंडळ, संघटनांच्या वाटाघाटींतून ठरलेला दर आणि मजुरी मंडळाकडेच भरण्याची सक्ती, अशी त्याची चौकट आहे. मजुरीवर लावलेल्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा यांची तरतूद होते. वाराईचा वा हमालीचा दर काय, हे गुपित राहिले नाही.

त्याच आवारात याच्या उलट उदाहरणही दिसते. फळबाजारात आंब्याच्या हंगामात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. दूर कोकणात बसलेल्या बागायतदाराला रुमालाखाली काय ठरले हे कळण्याचा मार्ग नाही. २०१६ पर्यंत अडतही त्याच्याच पट्टीतून कापली जात असे. त्या वर्षी शासनाने ती खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, तेव्हा बाजारात किती खळबळ उडाली हे अनेकांना आठवत असेल. मध्यस्थाचे पैसे कोणी द्यायचे हा हिशेबाचा किरकोळ तपशील नसून सत्तेचा प्रश्न आहे, हे त्या खळबळीने सिद्ध केले.

अर्थात माथाडी मंडळ म्हणजे रामराज्य नव्हे. नोंदणीचे दार आतल्यांसाठी उघडे व बाहेरच्यांसाठी बंद राहते, ही तक्रार खोटी नाही. माथाडीच्या नावाखाली कारखानदारांकडून खंडणी उकळणाऱ्या टोळ्यांनी तर खऱ्या कष्टकऱ्याचीच बदनामी केली. परंतु हे दोष उघड दराचे नाहीत. दर, नोंदणी व भरणा यांपैकी कोणती तरी एक गोष्ट अंधारात ठेवल्याचे ते फळ आहे. त्यावर उपाय म्हणून चौकटच मोडली, तर पुन्हा मुकादमच उरेल.

हा विचार रेसकोर्स व बाजार यांपुरता नाही. केवळ शर्यतीच्या दिवशी कामावर येणारे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचे नैमित्तिक कर्मचारीही कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या कक्षेत येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. काम तुटक असले म्हणून कामगार परका ठरत नाही, हाच त्याचा मथितार्थ. आज मोबाइलवरील ॲपमधून काम मिळविणाऱ्या तरुणाचा मध्यस्थ हा माणूसही नाही. दर क्षणोक्षणी बदलतो आणि त्यामागचे गणित कोणास दिसत नाही. रुमाल तोच, फक्त बोटे अदृश्य झाली आहेत. राजस्थानने २०२३ साली अशा कामगारांसाठी मंडळ, नोंदणी व प्रत्येक व्यवहारावर शुल्क अशी योजना करणारा कायदा केला. तिचे माथाडी कायद्याशी असलेले नाते लपण्यासारखे नाही. ज्या महाराष्ट्राने ही वाट अर्धशतकापूर्वी घालून दिली, त्याने या बाबतीत मागे राहावे हे शोभणारे नाही.

मध्यस्थ नको, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. एकट्या माणसाला बोलणी करणारा कोणी तरी लागतोच. मात्र त्याने एकाच पक्षाचे मीठ खावे, त्याचा मोबदला जाहीर असावा आणि ठरलेला दर चारचौघांत वाचता यावा. जॉकीला जिंकण्यासाठी घोडा लागतो, माथाडीला उचलण्यासाठी पोते लागते. आपल्या कष्टाचा भाव कळण्यासाठी मात्र दोघांनाही एकच गोष्ट लागते, आणि ती म्हणजे उजेड.