वादळाआधी वाडीची बैठक

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. हवामान खात्याचा इशारा आधीच आला होता. पण विजेच्या तारा तुटल्या, मोबाइलचे टॉवर बंद पडले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोलीतल्या कित्येक वाड्या अनेक दिवस अंधारात राहिल्या. अशा वेळी निरोप पोहोचवतो तो शेजारीच. म्हणून मे महिन्यातच वाडीवाडीत ठरावे: एकट्या राहणाऱ्या आजीला पक्क्या घरात कोण नेणार, सुटे पत्रे कोण आवळून देणार, बॅटरीवरचा रेडिओ कोणाकडे. आणि घरोघरी हेही सांगावे, की वारा एकाएकी पडला तरी बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा असू शकतो, मागोमाग उलट दिशेने तसाच झोत येतो. किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी यासाठी ग्रामसभेत वेळ काढलाच पाहिजे.