द्यूतसभेचा मोह

गोव्यातील कॅसिनोंचा प्रश्न काही वर्षांनी पुन्हा पुन्हा डोके वर काढतो आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर पुढे ढकलले जाते. मांडवीच्या पात्रात नांगरलेली जहाजे तेथून हलवावीत, अशी पणजीकरांची मागणी जुनी आहे. ती मागणी हाताशी धरूनच आता दुसरा विचार पुढे रेटला जात आहे. जहाजे हलवायची असतील तर जमिनीवर जागा द्या, पंचतारांकित हॉटेले, जलक्रीडा उद्याने, सभागृहे आणि कॅसिनो अशी सारी सुखे एका आवारात नांदवणारी भव्य रिसॉर्टे उभारू द्या, असा हा विचार आहे. पेडणे तालुक्यातील धारगळ येथील अशा संकुलाचा प्रस्ताव बरीच वर्षे चर्चेत आहे. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि या स्वप्नाला पंख फुटले. त्याचे समर्थन करताना हमखास दाखला दिला जातो तो अमेरिकेतील लास वेगासचा. वाळवंटात नंदनवन फुलले, मग निसर्गाने आधीच नंदनवन केलेल्या गोव्यात काय अशक्य आहे, असा प्रश्न विचारला जातो.

दाखला दिलाच आहे, तर तो पूर्ण तपासला पाहिजे. आजचे लास वेगास काय सांगते?

नेवाडा राज्याने जुगाराला कायदेशीर मान्यता दिली ती १९३१ मध्ये, महामंदीच्या खाईत. शेती नाही, उद्योग नाही, पाणी नाही, अशा प्रदेशाने पोट भरण्यासाठी स्वीकारलेला तो मार्ग होता. पुढे कित्येक दशके या नगरीचे आकर्षण एकाच गोष्टीत होते, ते म्हणजे स्वस्ताई. खोली नाममात्र दरात, पोटभर जेवण त्याहून स्वस्त, वाहनतळ फुकट. पाहुणा एकदा पटापाशी बसला की बाकीचा सारा खर्च पटावरून वसूल होत असे. आमिष म्हणा, पण सामान्य अमेरिकन कुटुंबाला परवडणारे ते आमिष होते.

१९८९ मध्ये ‘मिराज’ उघडले आणि महाकाय रिसॉर्टांचे युग सुरू झाले. त्यानंतर प्रत्येक नव्या वास्तूने आधीच्या वास्तूला झाकोळण्याचा चंग बांधला. २०२१ मध्ये ‘रिसॉर्ट्‌स वर्ल्ड’ उघडले, त्यासाठी सुमारे ४.३ अब्ज डॉलर ओतले गेले. ‘फाँटेनब्लू’चे बांधकाम २००७ मध्ये सुरू झाले, आर्थिक अरिष्टात ते २००९ मध्ये ठप्प झाले आणि तो सांगाडा वर्षानुवर्षे उभा राहून अखेर २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्याचे दरवाजे उघडले. त्याचा खर्च सुमारे ३.७ अब्ज डॉलर. ज्या ‘मिराज’ने या युगाचा आरंभ केला, ते २०२४ मध्ये बंद झाले. १९५७ पासूनचे ‘ट्रॉपिकाना’ त्याच वर्षी बंद करून सुरुंगाने पाडण्यात आले.

एवढे अब्जावधी डॉलर कोठून आले? बहुतांश कर्जातून आणि भागधारकांकडून. कर्जाला व्याज लागते, भागधारकाला लाभांश लागतो आणि तो दर तिमाहीला वाढलेला लागतो. पटावरील कमाई त्याला पुरेना, तेव्हा खोलीपासून पेयापर्यंत प्रत्येक गोष्टीतून पैसा पिळून काढण्याचे तंत्र आले. खोलीच्या जाहीर भाड्यावर ‘रिसॉर्ट शुल्क’ नावाचा वेगळा आकार बसला. अनेक हॉटेलांत तो दिवसाला ५० डॉलरच्या आसपास आहे. २०१६ पासून मोठ्या साखळ्यांनी वाहनतळासाठीही पैसे घेण्यास सुरुवात केली. स्वस्त जेवणाच्या पंगती एकेक करून उठल्या.

त्याहून लक्षणीय आहे ते पटावरचे. पत्त्यांच्या एका लोकप्रिय खेळात पूर्वी १० डॉलरच्या पैजेवर सर्वोत्तम डावाला १५ डॉलर मिळत, आता पुष्कळ पटांवर १२ मिळतात. फिरत्या चक्रावर एक शून्य असेल तर मालकाचा वाटा सुमारे २.७ टक्के असतो, दोन शून्यांवर तो ५.२६ टक्के होतो. आता तीन शून्यांची चक्रे आली आहेत आणि तेथे तो ७.६९ टक्क्यांवर गेला आहे. पाहुण्याने जेवणासाठी अधिक मोजायचे, खोलीसाठी अधिक मोजायचे आणि हरायचेही अधिक वेगाने!

परिणाम व्हायचा तो झाला. २०२४ मध्ये या नगरीला सुमारे ४ कोटी १७ लाख लोकांनी भेट दिली होती, २०२५ मध्ये हा आकडा सुमारे ३ कोटी ८५ लाखांवर आला. कॅनडाशी बिघडलेले संबंध हे त्याचे एक कारण आहे, ते नाकारण्याचे प्रयोजन नाही. परंतु ‘आता आम्हाला परवडत नाही’ ही तक्रार खुद्द अमेरिकनांचीच आहे. कामगारांचे म्हणाल, तर २०२३ मध्ये तीन मोठ्या कंपन्यांतील सुमारे ३५ हजार स्वयंपाकी, वाढपी आणि सफाई कामगार संपाच्या उंबरठ्यावर उभे राहिले, तेव्हा कोठे पाच वर्षांत मिळून ३२ टक्के वेतनवाढीचा करार झाला. आणि नव्या, झगमगीत, सभ्य म्हणवल्या जाणाऱ्या रिसॉर्टांत अवैध पैसा येत नाही, हा समजही टिकला नाही. बेकायदा सट्टेबाजांच्या वावरावरून ‘रिसॉर्ट्‌स वर्ल्ड’ला नेवाडाच्या नियामक आयोगाने २०२५ मध्ये १ कोटी ५ लाख डॉलरचा दंड केला.

हा झाला आदर्श. आता पणजीकडे वळू.

१९७६ चा गोव्याचा कायदा मुळात सार्वजनिक जुगाराला आळा घालणारा. १९९२ मध्ये त्याला पहिली फट पडली आणि पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना परवानगी मिळाली. १९९६ मध्ये दुसरी फट पडली आणि जहाजांवरील पटांना मुभा मिळाली. खोल समुद्रात जायचे म्हणून आलेली जहाजे मांडवीत स्थिरावली. एकाची सहा झाली. ‘तात्पुरती’ म्हणून दिलेली मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली. यात कोणत्याही एका पक्षाला दोष देऊन भागणार नाही. परवाने वाटले गेले ते काँग्रेसच्या राजवटीत. त्याविरुद्ध आंदोलन उभारले ते भारतीय जनता पक्षाने, आणि सत्तेवर आल्यावर मुदतवाढ देण्याची पाळी आली तीही त्याच पक्षावर. हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही. परंतु जे परक्याच्या बाबतीत स्पष्ट बोलायचे, ते आपल्या माणसाच्या बाबतीत गिळायचे, ही आपली रीत नव्हे.

पणजी ही चिमुकली राजधानी. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिकेच्या हद्दीत जेमतेम ४० हजार वस्ती. रात्र पडली की मांडवीच्या काठाचा रस्ता जहाजांकडे जाणाऱ्यांनी भरून जातो. घर भाड्याने द्यायचे तर महिन्याच्या भाडेकरूपेक्षा दोन रात्रींचा पाहुणा मालकाला परवडतो आणि नोकरीनिमित्त आलेल्या कुटुंबाला शहराबाहेर सरकावे लागते. बाजारातील मासळी आधी हॉटेलकडे वळते. सुरमई आणि पापलेट पाहुण्यांच्या ताटात, गोव्याच्या मुलाच्या ताटात बांगडा, आणि तोही भाव विचारून! महागाईचे कारण केवळ कॅसिनो आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या घराच्या हौसेने गोव्यात येणारा महानगरी पैसा आणि जमिनींची बेफाम रूपांतरे हीही कारणे आहेत. पण एका रात्रीत हजारो रुपये उधळण्याच्या तयारीने येणाऱ्या पाहुण्याभोवती जेव्हा शहराचा व्यवहार फिरू लागतो, तेव्हा दर त्याच्या खिशाने ठरतात, तेथील शिक्षकाच्या वा कारकुनाच्या पगाराने नव्हे. धारगळला तेच घडले तर पेडण्यातील शेतकऱ्याच्या मुलाला स्वतःच्या गावात घर बांधणे जमेल काय?

रोजगाराचा मुद्दा खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. या जहाजांवर शेकडो घरांची चूल पेटते. म्हणूनच उद्या सकाळी टाळे ठोका, असे आम्ही म्हणत नाही. पण रात्रपाळीत पत्ते वाटण्याचे कौशल्य त्या तरुणाला जहाजाबाहेर कोणत्या कामी येणार, याचाही विचार व्हावा.

महसुलाचेही तसेच. चिप्सच्या पूर्ण मूल्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर २०२३ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला, २०२५ च्या सप्टेंबरपासून कॅसिनोंना ४० टक्क्यांचा दर लागला. जी वस्तू राष्ट्राने कराच्या सर्वांत वरच्या पायरीवर, तंबाखूच्या पंगतीला बसवली, तिच्यावर राज्याचा संसार उभारणे शहाणपणाचे आहे काय? शिवाय २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. कुटुंबे उद्ध्वस्त होतात, कर्जापायी तरुण आत्महत्या करतात, हीच त्यामागची कारणे सांगितली गेली आणि ती योग्यच होती. जो जुगार मोबाइलवर पाप आहे, तो मांडवीच्या पाण्यावर पर्यटन कसा होतो?

आणखी एक विसंगती नोंदवली पाहिजे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत खेळण्यास बंदी आहे. ही बंदी म्हणजे शासनाने दिलेली कबुलीच आहे. आपल्या घरातील मुलाला जे वाढायचे नाही, ते पाहुण्याच्या पानात वाढायचे, असा हा न्याय. आणि हा पाहुणा कोण? सांगलीचा, कोल्हापूरचा, बेळगावचा, मुंबई-पुण्याचा. त्याच्या घरीही कुणीतरी वाट पाहत असते. अतिथीला देव मानणाऱ्या भूमीत हे शोभत नाही.

जुगार भारताला नवा नाही. आपल्या पूर्वसूरींनी त्याकडे डोळेझाक केली नाही आणि त्याचे गोडवेही गायले नाहीत. कौटिल्याने द्यूताध्यक्ष नेमला, खेळ एकाच ठिकाणी व्हावा असा दंडक घातला, जिंकणाऱ्याकडून पाच टक्के घेतले आणि या व्यवस्थेचा उपयोग चोरांचा माग काढण्यासाठी केला. मात्र त्याच कौटिल्याने राजाच्या व्यसनांत द्यूताची गणना केली. राज्याने जुगारावर देखरेख ठेवणे वेगळे आणि राज्यालाच जुगाराच्या उत्पन्नाची चटक लागणे वेगळे, हा भेद त्याला पुरता ठाऊक होता.

महाभारतातील सभापर्व आपण सारे जाणतो. पण एक तपशील सहसा विसरला जातो. पांडवांना खेळायला बोलावण्याआधी धृतराष्ट्राने एक नवी सभा बांधवून घेतली. हजार खांबांची, शंभर दारांची, रत्नांनी मढवलेली तोरणस्फाटिका. शकुनीचे फासे नंतर आले, आधी वास्तू आली. भव्य वास्तू पाहिली की खेळण्यात काही वावगे आहे, हे मनाला पटेनासे होते. त्या वेळीही विदुर सांगत होता आणि राजा ऐकत नव्हता, कारण पुत्राच्या लोभापुढे त्याचा विवेक हतबल झाला होता. धारगळच्या नकाशात आम्हाला तोरणस्फाटिकेचे खांब दिसतात.

गोव्यासमोर दुसरा मार्ग नाही, असे नाही. शेजारच्या महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो कधी अंमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे लटकणारा मोह असा निकालात काढता येतो. गोव्यात मंगेशी आहे, शांतादुर्गा आहे, तांबडी सुर्लाचे कदंबकालीन महादेव मंदिर आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धाराचे कार्य हाती घेतलेले नार्वेचे सप्तकोटेश्वराचे देवालय २०२३ मध्ये पुन्हा नव्याने उभे राहिले आहे. शिगमो आहे, भजनी सप्ताह आहेत, जत्रा आहेत. या वाटेने येणारा पाहुणा कुटुंबासह येतो, गावात उतरतो, गावातच जेवतो आणि पुन्हा येतो.

म्हणून गोवा शासनाकडे आमच्या मागण्या नेमक्या आहेत. मांडवीतील परवान्यांना आता एक अखेरची तारीख ठरवावी आणि ती विधानसभेत जाहीर करावी. तोवर एकाही जहाजाच्या जागी अधिक क्षमतेचे जहाज येऊ देऊ नये. जमिनीवरील कॅसिनोसाठी, मग तो कोणत्याही गोंडस नावाने येवो, नवी सवलत देऊ नये. कॅसिनोंपासून मिळणाऱ्या उत्पन्नावरील अवलंबन दरवर्षी किती कमी केले, याचा हिशेब अर्थसंकल्पात मांडावा. आणि तेथे काम करणाऱ्या स्थानिक तरुणांच्या पुनर्वसनाची योजना त्याच कागदावर असावी.

कार्यकर्त्यांनाही एक सांगणे आहे. आपले शासन आहे म्हणून गप्प बसणे म्हणजे निष्ठा नव्हे. विदुर कौरवांच्याच दरबारात होता आणि त्यांच्याच हितासाठी बोलत होता. ग्रामसभांतून, मंदिरांच्या समित्यांतून, महिला मंडळांतून हा विषय शांतपणे, आकड्यांसह मांडला गेला पाहिजे. द्यूतसभा उभी राहिल्यानंतर तेथे बोलणाऱ्याचे कोणी ऐकत नाही. बोलायचे ते खांब उभे राहण्याआधीच.