राजपुत्र झालेल्या स्त्रिया

आमच्या आजोळीं माजघरांत बालगंधर्वांची तसबीर होती. त्यांचें नेसणें पाहून घरोघरच्या लेकीसुना तसें नेसूं लागल्या, हें आजी कौतुकानें सांगे. त्याच काळीं आपल्याकडे केवळ स्त्रियांच्याहि संगीत मंडळ्या होत्या व पुरुषभूमिका त्याच करीत. त्यांतील एकीचीहि तसबीर मीं कोणाच्या घरीं पाहिली नाहीं.

हें आठवण्यास निमित्त झालें कोरियाचें. तेथें १९४८ सालीं कांहीं गायिकांनीं पुरुषप्रधान संस्थांपासून वेगळें होऊन आपला संघ काढिला. त्यांतून ‘योसोंग गुकगुक’ हें स्त्रियांचें संगीत नाटक निघालें. राजपुत्र, सेनापति, खलपुरुष, सर्व स्त्रियाच! युद्धाच्या धामधुमींतहि नाट्यगृहें तुडुंब भरत. नायक होणाऱ्या नटींवर स्त्री-प्रेक्षकांचा जीव जडे. अशा एका नटीनें आपल्या चाहतीसह वधूवरांच्या वेषांत काढविलेलें छायाचित्र आजहि पाहावयास मिळतें.

पुढें चित्रपट आले. १९६२ त सरकारनें पारंपरिक कलांच्या रक्षणाचा कायदा केला, १९६४ त पान्सोरी गायनास त्याचा आश्रय मिळाला. या नाटकास मिळाला नाहीं. नटी घरोघर म्हाताऱ्या झाल्या.

सायरन उन-यंग जंग ही चित्रकर्ती २००८ पासून त्यांच्याकडे जाऊं लागली. पुरुषाची चाल कशी बसविली, आवाज कसा खालीं आणला, मिशी कशी रेखाटली, हें तिनें चलच्चित्रांत टिपलें. पौरुष हें देहाबरोबर येत नसून तालमीनें साधतें, असें त्यांतून दिसतें. आपणांस याचें नवल कां वाटावें? भरतमुनींनीं स्त्रीनें पुरुषाची भूमिका करण्यास शास्त्रांत स्थान दिलेलेंच आहे. २०१९ सालीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत कोरियाच्या दालनांत तिचें काम मांडलें गेलें.

त्याच वर्षीं, भ्रमणध्वनीवर बोटानें सरकवीत वाचावयाची ‘जंगन्योन’ ही चित्रकथा निघाली व विस्मृत नटी तरुण पिढीस भेटल्या. तींत नायिकेवर प्रेम करणारी बुयोंग नांवाची मुलगी आहे. २०२४ त बारा भागांची दूरदर्शन-मालिका झाली, तेव्हां बुयोंग गाळली गेली! वाचकांनीं ओरड केली, ती मला रास्त वाटते. कला आठवावयाची आणि तिच्या प्रेक्षागारांतील प्रेम मात्र झांकावयाचें, हा कसला न्याय?

पण मीं तरी काय केलें? शाळेच्या संमेलनांत एका मुलास मीं स्वतः लुगडें नेसविलें होतें. त्याच नाटकांत शिवाजीची भूमिका मागावयास आलेल्या मुलीस ‘हें शोभत नाहीं’ म्हणून परत पाठविलें. संवाद तिला आरंभापासून अखेरपर्यंत पाठ होते.